पंचवीस ते एकोणपन्नास दिवसांचा देव

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी चपला काढायलाही जागा नव्हती. जिन्यात माणसं, गॅलरीत माणसं, खिडकीच्या गजांना धरून लोंबकळलेली माणसं. खालून रबराचा वास येत होता आणि वर घामाचा. समोरच्या चौथऱ्यावर भिंतभर टीव्ही, त्याच्यापुढे कीबोर्ड आणि वर टांगलेली पितळी घंटा. घंटेला एक छोटी मोटर होती आणि त्या मोटरीला लाल मखमलीचं झबलं घातलं होतं, म्हणजे ती मोटर वाटू नये.

महाराज खुर्चीत बसले होते. खुर्ची सलूनमधून आणलेली असावी, कारण ती वरखाली होत होती. एखादा भक्त फारच कळवळून रडायला लागला की महाराज ती जरा खाली घेत आणि तो उठला की पुन्हा वर.

"हे यंत्र नाही, लेकरांनो," ते सांगत होते, "हा कान आहे. देवाचा डावा कान. उजवा त्याने स्वतःच्या कामासाठी ठेवलाय."

लोक माना डोलवत होते. देवाचे कान असे वाटून दिल्याचं कोणालाच नवल वाटत नव्हतं.

रीत अशी होती. एका चौकटीत संकल्प टाइप करायचा. काय सोडणार, काय पाळणार, ते. तो गुप्त, म्हणून पडद्यावर अक्षरांऐवजी नुसती टिंबं दिसायची. खाली दिवस, तास आणि मिनिटं भरायची आणि बटण दाबायचं. पडद्यावर ओळ उमटे: 'संकल्प पूर्ण होताच घंटा वाजेल.' आता कोणाही शहाण्या माणसाला वाटेल, की चाळीस दिवसांचा संकल्प केला तर घंटा चाळीस दिवसांनी वाजेल. पण चमत्कार होता तो इथेच.

एका म्हाताऱ्या पोस्टमनने सात दिवस भरले. घंटा गप्प.

"सात?" महाराज हसले. "काका, सात दिवसांत सर्दीसुद्धा जात नाही. देवाने काय समजायचं, माणूस संकल्प करतोय की चौकशी?"

हॉल हसला. बिचाऱ्या पोस्टमनने ओशाळून तीस भरले. टण्ण. त्याच क्षणी. पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मागून कोणीतरी हुंदका दिला.

"बघा. तीस दिवस व्हायचेत ते तुमच्यासाठी. त्याच्यासाठी झाले. तो काळाच्या पलीकडे बसलाय. पण पंचवीसच्या खाली तो ऐकत नाही आणि एकोणपन्नासच्या वर गेलात तर त्यात अहंकार येतो. पंचवीस ते एकोणपन्नास, ही त्याची खिडकी."

मी देव मानणारा माणूस आहे. गात गात देव समजावून सांगणाऱ्यांपुढे मी तासन्‌तास मांडी घालून बसलोय आणि डोळे पुसत घरी गेलोय. पण देवाला कामाची वेळ आणि खिडकी असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या वीज बिलाच्या ऑफिसलाही एवढे कडक नियम नाहीत.

मी तिथे गेलो होतो तो ताईमुळे. माझी मोठी बहीण. "एकदा बघ तरी," म्हणाली होती. रांगेत माझ्या पुढे ती होती. तिने बराच वेळ काहीतरी टाइप केलं, चाळीस दिवस भरले, बटण दाबलं. टण्ण. ती पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं, चहा सोडला असेल. आमच्या घरात चहा सोडणं म्हणजे संन्यासच.

* * *

माझं औषधांचं दुकान आहे. ताईच्या फिटच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच जातात, गेली बारा वर्षं. त्या शुक्रवारी त्या न्यायला ती आली नाही, म्हणून दुपारी मीच पाकीट घेऊन तिच्या लाँड्रीवर गेलो. ती तिथे चादरींच्या मोठ्या वाफेच्या प्रेसवर काम करते. वरचा तवा खाली येतो, फुस्स करतो, वर जातो. माणसाचा हात मध्ये सापडला तर तो हात उरणार नाही, असा तो प्रकार.

"संपल्या असतील ना गोळ्या?" मी विचारलं.

"संपल्या नाहीत. सोडल्या."

"म्हणजे?"

"चाळीस दिवस औषध घेणार नाही, असा संकल्प केलाय. घंटा वाजली, तू होतास की."

तवा खाली आला, फुस्स झाला, वर गेला.

"ताई, पाच दिवस झाले. अशा एकदम सोडायच्या नसतात त्या. फिट आली आणि हात त्या तव्याखाली असला तर?"

"सहा वर्षांत आलीय का एकदा तरी?"

"गोळ्या घेत होतीस म्हणून नाही आली."

"तेच तर. घेत राहा, घेत राहा. बारा वर्षं मी गोळ्या खाल्ल्या, एका माणसाने तरी मला म्हटलं का, की बाई, तुझा आजार संपला? तू म्हटलंस? तू नुसती पाकिटं देतोस. तिथे घंटा वाजली रे. कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं, झालं म्हणून."

चादर सारखी करताना तिचा डावा अंगठा दोनदा आपोआप उडाला. तिनेही पाहिलं, मीही पाहिलं. तिने मूठ मिटली.

"तू देव मानतोस ना?" ती म्हणाली.

"मानतो."

"मग बोलू नकोस."

मी पाकीट खिशात घालून दुकानात परतलो. कोणाचा राग आला होता विचाराल तर ताईचा नाही. ज्याने एका थकलेल्या बाईची सगळ्यात दुखरी जागा हेरली आणि तिथे घंटा टांगली, त्याचा आला होता.

* * *

संध्याकाळी संगणकाच्या बाई दुकानात आल्या. त्या चौकातल्या क्लासमध्ये जावास्क्रिप्ट शिकवतात. वेब पानं हलती-बोलती करायची ती भाषा. माझ्या दुकानाचं आठवणीचं पान त्यांनीच बनवून दिलंय: गिऱ्हाइकाने तीस दिवसांच्या गोळ्या नेल्या की तीस दिवसांनी त्याला फोनवर निरोप जातो, औषध संपलं असेल, येऊन न्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवत ऐकत होत्या.

"पंचवीसला लगेच वाजते?" त्या मधेच म्हणाल्या.

"लगेच."

"चोवीसला नाही?"

"चोवीसला गप्प. देवाची खिडकी आहे म्हणे, पंचवीस ते एकोणपन्नास."

बाईंनी कागदाची घडी घातली. "एकोणपन्नाससुद्धा त्याला माहीत आहे? मग माणूस हुशार नाही, नुसता चिवट आहे. एकेक आकडा घालून बघितलेला दिसतोय. तुमच्या पानाचा पहिला दिवस आठवतो का हो?"

आणि मला आठवला. पान सुरू केल्या केल्या एका आजोबांनी तीस दिवसांच्या गोळ्या नेल्या होत्या. मी नोंद केली आणि ते अजून पैसे मोजत असताना त्यांचा फोन वाजला: 'आपले औषध संपले असेल.' आजोबांनी हातातल्या भरलेल्या पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्यात कोण खाऊन गेलं?" बाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता आणि तासाभरात पान दुरुस्त करून दिलं होतं.

"ती माझी चूक होती," बाई म्हणाल्या. "नवशिक्यांची नेहमीची. मी लाजले आणि दुरुस्त केली. ह्याने तिला झबलं घातलं. रविवारी मला घेऊन चला. आणि ताईंना सांगा, मी त्यांच्याच शेजारी बसेन."

शनिवारी मी पुन्हा ताईकडे जाऊन विनवण्या केल्या. गोळी घेतली नाहीच, पण बाई येणार म्हटल्यावर एवढं म्हणाली, "येऊ दे. माझा देव पळून नाही जाणार."

* * *

रविवारी सकाळी साडेनऊला बाई रांगेत उभ्या राहिल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. महाराजांना वाटलं, गुडघेदुखी असेल.

"बोल लेकी, काय सोडणार?"

"ते गुप्त ना?" बाईंनी बोटं चालवली, चाळीस दिवस भरले, बटण दाबलं. टण्ण.

"स्वीकारला," महाराज प्रसन्न झाले.

"मग वाचून दाखवते. 'चाळीस दिवस मी या महाराजांचं एक अक्षर खरं मानणार नाही.'" बाई लोकांकडे वळल्या. "देवाला मान्य आहे."

मागून टायरवाला मोठ्याने हसला. हॉल त्याचाच होता, त्यामुळे त्याला कोणी गप्प बसवू शकत नव्हतं.

"थट्टा आहे ही," महाराज म्हणाले. "देव भोळा आहे. तो मनातला भाव बघतो."

"बरं. आता भाव न बदलता नुसते आकडे बदलते." त्यांनी चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटं भरली. घंटा गप्प. मग एकतीसच्या जागी बत्तीस. टण्ण.

त्यांनी पुन्हा एकतीस केलं. गप्प. बत्तीस. टण्ण. एकतीस, गप्प. बत्तीस, टण्ण. पाच वेळा. सहाव्या वेळी बाईंनी बत्तीस भरलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणांनी घंटेच्या आधीच तोंडाने 'टण्ण' केलं.

"एका मिनिटात माझी भक्ती कितीशी वाढली?" बाईंनी विचारलं.

"हे सूक्ष्म आहे," महाराज म्हणाले. "काळाची कंपनं असतात. ऊर्जेचं आवर्तन असतं. ते वर्गात शिकवत नाहीत." एवढं बोलून त्यांनी खुर्ची वर घेतली.

"नसेल शिकवत. शेवटचा एक संकल्प करू द्या. पन्नास दिवसांचा."

"पन्नास हा अहंकार आहे. त्याला घंटा वाजत नाही."

"वाजते. तुम्ही वाट बघत नाही." बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. काटा दहावर येताच त्यांनी बटण दाबलं. घंटा गप्प. मग त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि खाली बसून फरशीवरच मोठ्या अक्षरांत लिहिलं: आज, चार वाजून सत्तावन्न मिनिटं, बारा सेकंद.

"आज संध्याकाळी या क्षणाला ती वाजेल. तोवर कीबोर्डला कोणीही हात लावायचा नाही. नाही वाजली तर मी सगळ्यांदेखत महाराजांच्या पाया पडेन."

आणि त्या ताईच्या शेजारी जाऊन बसल्या. ताई खडूने लिहिलेल्या आकड्यांकडे बघत होती.

"वाजली तर?" मी हळूच ताईला विचारलं.

तिने माझ्या खिशातल्या पाकिटाकडे बोट केलं. मग म्हणाली, "सेकंदाला सेकंद वाजली तर घेईन गोळी. मागेपुढे झाली तर परत माझ्यापुढे तो विषय काढायचा नाही. कधीच."

शर्टाच्या खिशातलं पाकीट मला एकदम जड वाटायला लागलं. बाईंचं गणित चुकलं असतं तर मी माझ्या बहिणीला कायमचं त्या तव्यापाशी सोडून आलो असतो.

दुपारी बाराला महाराजांचा सेवक, चांगला पन्नाशीचा गलेलठ्ठ गृहस्थ, टीव्हीच्या बटणाकडे निघाला. "यंत्राच्या विश्रांतीची वेळ झाली."

"देवाचा कान विश्रांती घेतो?" टायरवाल्याने विचारलं आणि स्टूल ओढून बरोबर बटणाखाली बसला. "अहो, रोज संध्याकाळी तुम्ही हे बंद करता ना? मग त्या सात दिवसवाल्या पोस्टमनची घंटा सातव्या दिवशी कशी वाजायची? पानच मिटलं."

सेवकाने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी डोळे मिटले. त्या दिवशी ते जवळजवळ पाच तास ध्यानात होते. मध्ये एकदा त्यांना घोरणं लागलं, तेही बहुधा सूक्ष्म असावं.

दुपारी दोनला ताई पाणी पीत होती. अंगठा उडाला, हातातला पेला पडला आणि पाणी फरशीभर झालं. बाईंनी पदराने फरशी पुसली, फक्त आकड्यांपाशी पाणी जाऊ दिलं नाही.

पावणेपाचला हॉल पुन्हा भरला. खालच्या दुकानातली पोरं हातांना ग्रीस तशीच ठेवून वर आली. पोस्टमनने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. चार छप्पन. चार सत्तावन्न. पोस्टमन मोठ्याने मोजू लागला. नऊ, दहा, अकरा.

टण्ण.

पोस्टमनने घड्याळ सगळ्यांपुढे वर धरलं: बारा. एवढ्या माणसांत फक्त घंटेचा थरथरता सूर होता.

महाराजांनी डोळे उघडले. "बघा," ते म्हणाले, "देवानेच या लेकीच्या तोंडून वेळ वदवली."

"मग देवाला एकदा विचारा," टायरवाला म्हणाला, "तुम्ही हॉल कधी रिकामा करताय."

* * *

"तुम्हाला कसं कळलं?" ताईने बाईंना विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

बाईंनी टायरवाल्याकडे बोट दाखवलं. "यांच्याकडे जुन्या गाड्या येतात. किलोमीटरचा मीटर नऊ नऊ नऊ झाला की पुढे काय होतं?"

"शून्यावर येतो," टायरवाला म्हणाला. "गाडी तेवढीच पळालेली असते, मीटर खोटं बोलतो."

"या पानाच्या मागेही तसाच मीटर आहे. 'इतक्या वेळाने घंटा वाजव' म्हटलं की तो वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला जातो. त्या आकड्याला जागा ठरावीक असते. मोठ्यात मोठा आकडा मावतो तो दोनशे चौदा कोटींहून थोडा जास्त. तेवढा वेळ म्हणजे चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटं आणि साधारण चोवीस सेकंद. एवढंच. त्याच्या एक पाऊल पुढे गेलात की मीटर उलटतो, पण शून्यावर नाही, शून्याच्याही खाली, उण्यात जातो. उणे वेळ थांबायचं म्हणजे काय करायचं? थांबायचंच नाही. म्हणून लगेच टण्ण."

"आणि पन्नास?"

"उण्यातून तो हळूहळू वर चढतो. एकोणपन्नास दिवस सतरा तासांच्या आसपास पुन्हा शून्यावर येतो आणि तिथून नव्याने सुरू होतो. पन्नास दिवसांतून तेवढे वजा केले तर सात तासांना जेमतेम तीन मिनिटं कमी उरतात. दहा वाजता बटण दाबलं, म्हणून पाचला तीन मिनिटं कमी असताना वाजली. ही तुमच्या महाराजांची खिडकी. बनवणाऱ्याने चूक केली, यांनी ती सापडल्यावर दुरुस्त करायच्या ऐवजी तिच्यासमोर माणसं बसवली."

"मग लांबची वाट बघायची तर कशी?" हे पोस्टमनने विचारलं. आयुष्यभर लांबची पत्रं वाहिलेला माणूस.

"शेवटची तारीख नीट लिहून ठेवायची, पान मिटलं तरी पुसली जाणार नाही अशा जागी. सगळी वाट एका दमात बघायची नाही. एका दिवसाचाच टायमर लावायचा. तो संपला की खरं घड्याळ बघायचं, अजून किती उरलं ते नव्याने मोजायचं, पुन्हा एक दिवस. उरलं काहीच नसेल तरच घंटा. या दुकानदारांच्या पानात मी तेच केलंय."

ताईने माझ्यापुढे हात केला. मी पाकीट दिलं. तिने गोळी घेतली, पाण्याचा घोट घेतला आणि पेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

"म्हणजे संपलं म्हणून मला कोणीच सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

"नाही सांगितलं," मी म्हणालो. "मी विचारायला हवं होतं. उद्या सुट्टी घे, डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी आधी तिला झापलं. मग जुने कागद काढले, फिरत्या खुर्चीतून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सहा वर्षं फिट नाही, हे मला यापूर्वी कोणी का सांगितलं नाही? तुम्ही नुसत्या गोळ्या देत राहिलात आणि मी नुसत्या लिहीत राहिलो." ताईला ते म्हणाले, "आधी गोळ्या पूर्ववत सुरू करा. आणि ते प्रेसचं काम सध्या नको. मी चिठ्ठी देतो, घड्या घालायच्या टेबलावर बसा. मग मेंदूची तपासणी करू. चांगली आली तर अर्धी गोळी कमी करू आणि तीन महिन्यांनी बघू. ठीक असलं तर आणखी अर्धी. नसलं तर थांबू. वर्ष-दीड वर्ष लागेल. चालेल?"

"आणि शेवटी संपेल?"

"ते आज मला माहीत नाही. दर वेळी तपासून सांगेन."

ताईने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा एका माणसाने तिला 'माहीत नाही' म्हटलं होतं, आणि तिचा चेहरा घंटा वाजली होती तेव्हाच्यापेक्षा शांत होता.

महाराज दोन दिवसांत हॉल सोडून गेले. टीव्ही नेला, खुर्ची नेली, झबलंसुद्धा नेलं. दुसऱ्या एखाद्या गावात, दुसऱ्या एखाद्या दुकानावर ते आज देवाचा कान उघडून बसले असतील, यात मला शंका नाही. असल्या माणसाला लाज वाटेल, ही आशा मी सोडली आहे. आशा आहे ती रांगेतल्या माणसाकडून. बाबांनो, देव मानायचा तर मानाच, मीही मानतो, पण त्याच्या नावाने कोणी आकडा सांगितला तर तो आकडाच का, एवढं विचारा. शेजारचा आकडा घालून बघा. आणि उत्तराऐवजी कोणी खुर्ची वर घेतली, तर तिथून उठा आणि आपली औषधं घेऊन घरी जा.